खोका नंबर एक

मनोहरराव केळुसकरांची एक सवय होती. घरात कोणी चुकलं की ते आधी मोजायचे आणि मग बोलायचे. सर्वेक्षण खात्यात चौतीस वर्षं जमीन मोजण्यात गेली. निवृत्तीनंतर मोजायला जमीन उरली नाही, म्हणून माणसं घेतली. पुतुल ही आया आठवड्यातून किती वेळा उशिरा येते, खालचा शेजारी जिन्यात चपला किती जोड ठेवतो, याची त्यांच्याकडे टिपणं होती आणि ती कोणी मागितली नसताना त्यांनी अनेकांना वाचून दाखवली होती.

या नोव्हेंबरात मात्र वहीत एकच नाव होतं. शकुन. त्यांची बायको.

तारीख, वेळ, तिने कॉम्प्युटरवर काय दाबलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि शेवटी शेरा. पहिल्या पानावर शेरे सविस्तर होते. तिसऱ्या पानापासून 'वरीलप्रमाणे' सुरू झालं.

शकुनताई विसरायला लागल्याला तीन वर्षं झाली होती. एखाद्या सकाळी त्या कोलकात्यात, बेहालाच्या घरातच असत. चहात आलं कमी पडलं म्हणून पुतुलला बोलत. एखाद्या सकाळी जबलपूरला असत, नाहीतर शिलाँगला, आणि दूधवाला अजून कसा आला नाही म्हणून खिडकीशी उभ्या राहत. मनोहररावांच्या नऊ ठिकाणी बदल्या झाल्या होत्या, त्यामुळे बाईंना जायला जागा भरपूर होती. मनोहरराव दर वेळी त्यांना परत आणत. "शकुन, हे कोलकाता आहे. बेहाला. आपला फ्लॅट." शकुनताई "बरं" म्हणत. तपासणीला आलेल्या साहेबाला म्हणावं, तसं.

हे असं चाललं असतं. पण दुर्गापूजेच्या सुट्टीत ऋता आली. ऋता ही त्यांची एकुलती मुलगी, चव्वेचाळीस वर्षांची, पुण्याला राहणारी. आईने मोबाइलवरून आपल्याला फोन लावायला जावं आणि तो गॅस एजन्सीला लागावा, असं तिच्या डोळ्यांदेखत चार वेळा झालं. चौथ्या वेळी एजन्सीतल्या मुलीला शकुनताईंनी वेळेवर जेवायला सांगितलं आणि ती मुलगीही बिचारी हो म्हणाली. ऋता हसली, आणि हसून झाल्यावर तिने वडिलांना बाल्कनीत नेलं.

तिने पुण्यात एक जागा बघून ठेवली होती. बाग आहे, डॉक्टर आहेत, दोघांना एक खोली मिळेल, तिच्या घरापासून वीस मिनिटं. मनोहररावांनी तिथल्या तिथे नकार दिला. नऊ बदल्या शकुनने केल्या, दहावी तिला झेपणार नाही, असं त्यांचं म्हणणं. नवीन भिंतीत ती हरवेल ती परत मिळणार नाही.

"आणि तुम्ही बाथरूममध्ये पडलात तर?" ऋताने विचारलं. "तुम्ही शहात्तर वर्षांचे आहात, बाबा. पुतुल पाचला जाते. तुम्ही आत पडलात, तर आई मला कळवू शकेल का? एवढंच सांगा."

 मग दोघांच्यात करार झाला. दोघंही एकाच हट्टाचे असल्याने तो लवकर झाला. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी ऋता परत येणार. त्या दिवशी आईने कोणाचाही हात न लागता, स्वतःच्या हाताने तिला फोन लावायचा. लागला तर ऋता पुण्याचं नाव काढणार नाही. नाही लागला, तर परतीची तिकिटं तिघांची.

मोबाइलवर काही होणार नव्हतं. शकुनताईंचं बोट काचेवरून घसरायचं. पण माउस त्यांना येत होता. ऋता परदेशात शिकायला होती तेव्हा दोन वर्षं त्यांनी तिला पत्रं कॉम्प्युटरवरूनच लिहिली होती. तोच कॉम्प्युटर अजून हॉलमध्ये होता. उन्मेष नावाच्या नागपूरकडच्या एका तरुण इंजिनियरने त्यात लिनक्स घालून त्याला पुन्हा चालतं केलं होतं. उन्मेष सेक्टर फाइव्हमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. मराठी मंडळाच्या गणपतीत ध्वनिक्षेपक बिघडला तेव्हा मनोहररावांनी त्याला हेरलं आणि मग सोडलं नाही.

उन्मेषने उपाय सांगितला. कॉम्प्युटर सुरू केल्यावर आधी लॉगिनचा पडदा येतो. ते दार. त्या दाराशी वरच्या कोपऱ्यात एक बारीक चिन्ह असतं, ते दाबलं की यादी उघडते: आत कुठल्या मांडणीत जाऊन बसायचं. सध्या यादीत एकच नाव आहे, 'नेहमीचं'. आपण काकूंसाठी दुसरी मांडणी तयार करू, ज्यात खिडक्या नाहीत, बारीक अक्षरं नाहीत, फक्त पाच मोठे चौकोन. आणि तिचं नाव या यादीत घालू.

"म्हणजे माझं नेहमीचं तसंच राहील?" मनोहररावांनी विचारलं. त्यात त्यांचं बुद्धिबळ होतं.

तसंच राहील, पण एक लक्षात ठेवा, काका, असं उन्मेष म्हणाला. शेवटी ज्या मांडणीत कोणी बसलं असेल, ती दार ध्यानात ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथेच नेतं. तुम्ही तुमच्यात बसलात, तर काकूही तुमच्यातच जाऊन पडतील.

मनोहररावांनी त्या दिवसापासून बुद्धिबळ सोडलं. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही; त्यांच्या मानाने हे विशेषच.

चौकोनांचा नकाशा त्यांनी स्वतः काढला. पट्टी घेऊन, मिलिमीटरात. बेहालाच्या स्वयंपाकघरात देव डावीकडे वर होते, म्हणून पडद्यावरही देव डावीकडे वर. दाबलं की आरती लागेल. उजवीकडे फोटो, रेडिओ. ऋता सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून ती बरोब्बर मध्ये, सगळ्यांत मोठी. दाबलं की थेट तिला व्हिडिओ फोन. आणि खाली डावीकडचा कोपरा रिकामा उरत होता, तिथे 'बंद करा'.

मांडणी उभी करणारा प्रोग्राम उन्मेषने घरी बसून लिहून पाठवला. दाराच्या यादीत नाव घालण्याची चिठ्ठी मात्र मनोहररावांनी फोनवर त्याच्याकडून ऐकून स्वतः टाइप केली. चारच ओळी होत्या: नाव काय, आत शिरल्यावर काय चालवायचं, असं. ती एका ठरावीक फोल्डरात नेऊन ठेवायची, म्हणजे दार ती वाचतं. नावापुढे त्यांनी लिहिलं, 'शकुनसाठी'.

यादीत नाव आलं. त्यांनी ते दाबलं. पडदा काळा झाला आणि पुन्हा दाराशी आला. परत दाबलं, परत तेच. आत घेतल्यासारखं करायचं आणि बाहेर आणून सोडायचं.

फोनवर उन्मेषने विचारलं, प्रोग्रामला चालायची परवानगी दिलीत का? ती वेगळी द्यावी लागते. नाव यादीत असलं तरी अधिकार दिले नसतील तर तो उभाच राहत नाही. सरकारी खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हे दोनदा सांगावं लागलं नाही. बदलीचा हुकूम हातात असूनही चार्ज मिळेना म्हणून ते स्वतः रायपूरला सतरा दिवस व्हरांड्यात बसले होते. त्यांनी परवानगी दिली, आणि मांडणी उघडली.

शकुनताईंना खुर्चीवर बसवण्यात आलं. मनोहररावांनी सगळं समजावलं. जरा जास्तच समजावलं. मग म्हणाले, आता ऋताला फोन लाव.

शकुनताईंनी माउस धरला, नीट, आणि बाण खाली डावीकडे नेऊन दाबला. कॉम्प्युटर बंद झाला.

बारा दिवसांत एकवीस वेळा बसवलं. त्यांतल्या सतरा वेळा त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. पडदा काळा झाला की त्या हात मांडीवर घेऊन बसत, काहीतरी आपल्या हातून फुटल्यासारख्या. मनोहरराव सांगत, शकुन, तिथे नाही, मध्ये बघ, ऋताचा एवढा मोठा फोटो आहे. एकदा त्या म्हणाल्या, "मध्ये कशी बसेल ती? पायात येईल."

मनोहररावांनी वहीत लिहिलं: असंबद्ध उत्तर. सतरा वेळा एकाच जागी चूक होते आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. त्यांनी तर तिची टक्केवारीही काढली होती. पण जमिनीच्या बाबतीत त्यांनी जे पाहताक्षणी ओळखलं असतं, ते बायकोच्या बाबतीत ओळखलं नाही. वेगवेगळ्या दिवशी घेतलेली मापं पुन्हा पुन्हा एकाच बिंदूवर पडत असतील, तर तिथे काहीतरी असतं.

डिसेंबर तसाच गेला. ऋताचा दर रविवारी फोन यायचा, तिने विचारायचं आणि यांनी 'प्रगती आहे' म्हणायचं. प्रगती नव्हती.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात झुरळांचं औषध मारायला माणूस येणार होता. पुतुलने सकाळीच स्वयंपाकघर रिकामं केलं. डबे, भांडी, देव, सगळं पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून हॉलमध्ये रचलं. माणूस आला, मारून गेला, वास गेला, ओटा पुसून झाला. पुतुल औषधं आणायला खाली गेली, आणि मनोहरराव खोक्यांच्या मधोमध उभं राहून कुठून सुरुवात करावी याचा विचार करत होते. तेवढ्यात शकुनताई आतून आल्या.

त्यांनी खोकी बघितली. रिकामं स्वयंपाकघर बघितलं. आणि पदर कमरेला खोचला.

"एक नंबर का किधर है?" त्यांनी विचारलं. हिंदीत, आणि मनोहररावांकडे बघून.

मनोहररावांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. खात्यात सामान वाहायला, तंबू ठोकायला जी माणसं असत त्यांना खलाशी म्हणत. दर बदलीच्या गावी, ट्रक आला की साहेब ऑफिसला हजर व्हायला जायचे आणि क्वार्टरवर मेमसाब आणि एक खलाशी राहायचा. आज खलाशी ते होते.

तोंडाशी आलं होतं, शकुन, हे कोलकाता आहे. जीभ वर उचललीही होती. पण बाई ज्या तऱ्हेने उभ्या होत्या, तसं त्यांना गेल्या वर्षभरात कोणी पाहिलं नव्हतं. मान सरळ, डोळे खोक्यांवरून भराभर फिरत होते, प्रत्येकाचं वजन घेत.

"इधर है, मेमसाब," मनोहरराव म्हणाले, आणि देवांचं खोकं उचललं.

पुढचा दीड तास त्यांनी सांगितलं ते केलं. खोका नंबर एक आधी उघडायचा, बाकीचे नंतर. त्यात देव, दिवा, मीठ, चहासाखर आणि बेबीचं, म्हणजे ऋताचं, ताट. हा नियम त्यांना ठाऊक होता, कारण खोक्यांवर नंबर त्यांनीच घातले होते. नऊ बदल्यांच्या नऊ याद्या त्यांनीच कार्बन घालून केल्या होत्या. पण खोका उघडल्यावर आतली वस्तू कुठे जाते, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी ऑफिसातून यायचे तेव्हा घर लागलेलं असायचं.

देव डावीकडे ठेवायला गेले तर शकुनताईंनी जागच्या जागी अडवलं. उजवीकडे, वर. त्याच्या खाली मीठ आणि मिसळणाचा डबा, हात उचलला की मिळेल असा. चहा खिडकीकडे. धान्य मागच्या भिंतीला. प्रत्येक वस्तूला बोट एकदाच दाखवलं; दुसऱ्यांदा विचारलं तर 'ध्यान किधर है' असं ऐकावं लागलं. मनोहररावांनी खात्यात अनेक खलाशांना हेच वाक्य ऐकवलं होतं. ते ऐकणाऱ्याच्या कानाला कसं लागतं, हे आता कळलं.

आणि त्यांना आठवायला लागलं. हे घर सोळा वर्षांपूर्वी घेतलं तेव्हा ते नुकते निवृत्त झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा सामान उघडताना घरी होते, आणि रिकामे होते. त्यांनी स्वयंपाकघराचा तक्ता केला होता. गॅसपासून फिल्टर किती पावलं, फिल्टरपासून देव किती, शास्त्रशुद्ध. शकुनताई तक्ता बघून 'असू दे' म्हणाल्या होत्या. त्यानंतर सोळा वर्षं मीठ घ्यायला त्यांचा हात आधी उजवीकडे जायचा, हवेत थांबायचा, आणि मग डावीकडे यायचा. मनोहरराव जेवायला बसल्या जागेवरून हे रोज बघत आले होते. त्याची नोंद मात्र कुठल्याच वहीत नव्हती.

"बेबी का पाटा?" शकुनताईंनी विचारलं.

पाट माळ्यावर होता. ऋताचं लग्न झाल्यापासून कोणी काढला नव्हता. मनोहरराव स्टुलावर चढले; पुतुल असती तर तिने चढू दिलं नसतं. धुळीने माखलेला, एका पायाची खुंटी सैल झालेला पाट त्यांनी फडक्याने पुसला आणि घेऊन उभे राहिले.

"किधर रखूँ, मेमसाब?"

शकुनताईंनी खाली डावीकडे बोट दाखवलं. पाण्याच्या शेजारी, भिंतीच्या कोपऱ्यात. दर घरात माठ तिथेच असायचा आणि माठाच्या शेजारी ऋता. तिथून ती ओट्यापाशी लुडबूड करत नाही, आणि आईच्या नजरेआड होत नाही. कारण त्यांनी हिंदीतच सांगितलं, नव्या माणसाला सांगावं तसं. बीच में बिठाओ तो पैर में आती है.

मनोहररावांनी पाट ठेवला. ठेवल्यावर ते पाटाशी तसेच बसून राहिले.  खाली डावीकडे. एकवीसपैकी सतरा वेळा. ती दर वेळी ऋताकडेच गेली होती, अगदी न चुकता, आणि त्या कोपऱ्यात त्यांनी 'बंद करा' लिहून ठेवलं होतं.

"थक गए?" शकुनताईंनी विचारलं. आवाज जरा मऊ झाला होता. "पानी पी लो. बाकी डिब्बे बाद में."

त्या शनिवारी उन्मेष स्कूटरवरून आला. जुन्या मांडणीतच चौकोन इकडचे तिकडे करू, दहा मिनिटांचं काम आहे, म्हणाला. मनोहररावांनी ऐकलं नाही. जुनं आहे तसं राहू दे, नवीन वेगळं कर. चुकीचा नकाशाही खात्यात फाडत नाहीत, वर 'रद्द' लिहून ठेवतात. मग नवीन चिठ्ठी झाली, नवीन प्रोग्राम झाला, आणि या वेळी परवानगी मनोहररावांनी न विसरता दिली. देव उजवीकडे वर. रेडिओ खिडकीकडे. ऋता खाली डावीकडे, कोपऱ्यात, आणि फोटो आताचा नाही. सहा वर्षांची, पाटावर बसलेली, ताटातलं काही न खाता कॅमेऱ्याकडे बघणारी. 'बंद करा' कुठेच नाही.

"आणि नाव काय देऊ, काका? 'शकुनसाठी दोन'?"

मनोहररावांनी नाव सांगितलं. उन्मेषने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि लिहिलं.

पुढच्या तीन आठवड्यांत शकुनताई अकरा वेळा बसल्या. नऊ वेळा फोन लागला. उरलेल्या दोन वेळा त्यांनी आरती लावली आणि उठून हात जोडले. मनोहररावांनी ती चूक धरली नाही. शेऱ्याचा रकाना त्यांनी रिकामा ठेवला होता.

ऋता शनिवारी दुपारी आली. आई तिला बघून हसली, बसा म्हणाली, कुठून आलात विचारलं. ऋताने पुण्याहून म्हणून सांगितलं आणि थोडा वेळ बॅगेची चेन उघडत-लावत बसली. मनोहरराव दाढीचं सामान आणायला चौरस्त्यापर्यंत गेले तेवढ्यात तिने पुण्याच्या त्या जागेचे फॉर्म वडिलांच्या कॉम्प्युटरवर उघडून वाचले आणि कॉम्प्युटर बंद करून ठेवला. यात लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून सांगण्यासारखंही तिला वाटलं नाही.

रविवारी अकरा वाजता ऋता फोन घेऊन खाली मिठाईच्या दुकानापाशी जाऊन उभी राहिली. ठरलंच होतं तसं. ती घरात असताना आई तिला फोन कशाला लावेल? पुतुल दाराशी उभी होती. मनोहरराव खुर्चीच्या मागे, हात पाठीशी बांधून.

शकुनताईंनी कॉम्प्युटर सुरू केला. दार आलं. त्यांनी नेहमीसारखं एंटर दाबलं. आणि आत निळा डोंगर आला, आणि डोंगरावर मुंग्यांसारखी चिन्हं. 'नेहमीचं'.

मनोहररावांना कालची दुपार एका क्षणात कळली.  शकुनताईंनी बाण खाली डावीकडे नेला. तिथे काही नव्हतं. त्यांनी दाबलं. पुन्हा दाबलं. मग माउस सोडला.

"हे आपलं नाही," त्या म्हणाल्या. मराठीत, स्वतःशी. आणि उठायला लागल्या.

त्या उठल्या असत्या तर परत बसल्या नसत्या, निदान त्या दिवशी. खाली ऋताच्या पर्समध्ये तीन तिकिटं होती. मनोहररावांनी करार मोडला की नाही, याचा निर्णय त्यांचा त्यांनाच पुढे बरेच दिवस करता आला नाही. ते वाकले आणि उन्मेषने शिकवलेल्या कळा दाबून मांडणीतून बाहेर पडले. पडदा पुन्हा दाराशी आला. मग त्यांनी हात पाठीमागे घेतले.

"गलत क्वार्टर में आ गए, मेमसाब," ते म्हणाले. "ताला दूसरा है. ऊपर, कोने में."

शकुनताई अर्ध्या उठलेल्या, तशाच थांबल्या. वळून त्यांनी मनोहररावांकडे बघितलं. मग पडद्याकडे. बसल्या. बाण वर गेला, कोपऱ्यात थोडा भरकटला, सापडला. यादी उघडली. तीन नावं होती, एकाखाली एक. पुतुल बंगालीत काहीतरी पुटपुटत होती; बहुधा देवाचं नाव.

'नेहमीचं'. शकुनताई पुढे गेल्या. 'शकुनसाठी'. स्वतःच्या नावावर त्या थांबल्या, वाचलं, आणि कोणा दुसऱ्या बाईच्या सामानावरून नजर काढून घ्यावी तशी काढून घेतली. तिसरं नाव बघून मात्र त्यांनी मान हलवली.

"खोका नंबर एक," त्या मोठ्याने म्हणाल्या. "आधी हा उघडायचा."

फोन दोनदा वाजला आणि ऋताचा चेहरा आला. मागे मिठाईवाल्याची काच, ट्राम डेपोकडे जाणारी रिक्षा.  शकुनताईंनीच सुरुवात केली.

"जेवलीस का? हो, आलं सामान. लागलं सगळं. काही फुटलं नाही या वेळी." मग ऋताने काहीतरी विचारलं. "बाबा? बाबा ऑफिसला गेलेत. ते कधी असतात सामान लावायला?" शकुनताईंनी आवाज खाली आणला, मागच्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून. "पण या गावचा खलाशी चांगला आहे गं. म्हातारा आहे, पण सांगितलेलं ऐकतो."

मनोहरराव खुर्चीच्या मागे उभे होते. त्यांचे हात पाठीशी होते, तसेच राहिले.

ऋता वर आली तेव्हा तिच्या हातात नोलेन गुळाच्या, म्हणजे खजुरीच्या नव्या गुळाच्या, संदेश मिठाईची पेटी होती, घेतल्याचं भान नसल्यासारखी धरलेली. मनोहररावांनी तिला दारातच गाठलं आणि हिशेब दिला. मी एकदा हात लावला. चुकीच्या मांडणीतून बाहेर काढलं, जागा तोंडाने सांगितली. आत ती स्वतः गेली, फोन तिने स्वतः लावला. आता तू काय ते ठरव.

"चुकीची कशी आली होती?"

मनोहररावांनी कॉम्प्युटरकडे बघितलं. 

"काल मी बसले होते त्यावर," ती म्हणाली.

कोणी काही मोजलं नाही. ऋता म्हणाली की दोन तिकिटं ती परत करेल. आणि बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवून घ्या, पुतुलला रात्रीची थांबायला सांगा. या दोन गोष्टींवर वाद घालू नका. मनोहररावांनी वाद घातला नाही. मग तिने विचारलं, बाबा, ती तुम्हाला कधी ओळखते का आता?

"कोलकात्यात असली की," मनोहरराव म्हणाले. "हल्ली मी तिला सारखं आणत नाही."

स्वयंपाकघरातून हाक आली. शकुनताई ओट्यापाशी उभ्या होत्या. मीठ घ्यायला उजवा हात वर गेला, थेट, आणि भरला हात परत आला. त्यांनी दारात उभ्या असलेल्या ऋताला बघितलं, आणि मग मनोहररावांना.

"बाईजी कब से खड़ी हैं," त्या हिंदीत म्हणाल्या. "उनको पाटा दो."

मनोहररावांना विचारावं लागलं नाही. ते खाली डावीकडे गेले, पाण्याशेजारचा पाट हाताने झटकला, खुंटी दाबून बघितली आणि बाजूला झाले. ऋताने संदेशची पेटी ओट्यावर ठेवली, साडी आवरली आणि त्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसली.